दोन वर्षांची पदवी, दोनच हंगाम: खान्देशात शिकता शिकता सामाजिक उद्योग उभारताना

एमएसडब्ल्यू, एमबीए किंवा एमएस्सीला प्रवेश घेतला की हातात चोवीस महिने आहेत असं वाटतं. शेतमाल किंवा रानमेवा हा तुमच्या कामाचा विषय असेल तर हे गणित फसवं आहे. कैरी वर्षातून एकदाच येते, ओली लाल मिरची एकदाच. म्हणजे पदवी हातात पडेपर्यंत हंगाम मिळतात फक्त दोन. त्यातही कैरी उतरते एप्रिल-मेमध्ये आणि विद्यापीठाच्या परीक्षाही नेमक्या तेव्हाच.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिला हंगाम शिकण्यासाठी, दुसरा हंगाम धंदा चालतो का हे पाहण्यासाठी आणि नोंदणी त्या दोन्हींच्या मध्ये. बरेच गट उलटे चालतात. आधी नाव आणि लोगो, मग कंपनी, मग एखाद्या स्पर्धेतलं सादरीकरण, आणि शेवटी गाव शोधायला बाहेर पडतात. तोवर दुसरा हंगामही निघून गेलेला असतो आणि कंपनीचे वार्षिक फॉर्म मात्र भरायचे राहिलेले असतात.

सामाजिक उद्योग म्हणजे विक्रीतून स्वतःचा खर्च काढणारा आणि विक्री वाढली की ठरवलेल्या लोकांचं उत्पन्नही वाढेल अशी रचना असलेला धंदा. नफ्यातले दहा टक्के गरिबांना वाटणारं दुकान यात बसत नाही. त्याला दानशूर दुकान म्हणावं, आणि त्यातही वाईट काही नाही.

काम निवडताना

खान्देशात विषयांना तोटा नाही. रावेर-यावलच्या केळीची खोडं, नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारी, जळगावचं भरिताचं वांगं, नवापूरची तूरडाळ, धडगाव-अक्कलकुव्याचा आमचूर. प्रत्येकासमोर तीन प्रश्न ठेवा. माल कोणाच्या हातून जातो? पैसा नेमका कुठे गळतो? ती गळती थांबवायला लागणारं काम आपल्याला जमण्यासारखं आहे का?

केळीच्या खोडाचा धागा ही विद्यार्थ्यांची सगळ्यात लाडकी कल्पना. पाच बाय पाच फुटांवर लागवड केली तर एकरी १,७४२ झाडं बसतात, आणि कापणीनंतर तेवढीच खोडं शेतात पडून राहतात. ऐकायला झकास. पण खोडात बहुतेक पाणीच असतं, आणि एका खोडातून निघणारा सुका धागा ग्रॅममध्ये मोजावा लागतो. कित्येक किलोचं खोड ट्रॅक्टरने गावाबाहेरच्या शेडमध्ये आणलं तर तुम्ही भाडं पाण्याचं भरता. धागा काढायचं यंत्र शेताच्या बांधावर गेलं पाहिजे, खोड कापल्यावर एक-दोन दिवसांत सोललं गेलं पाहिजे (नाहीतर धागा काळवंडतो), आणि धागा विकत घेणारा आधी ठरलेला पाहिजे. हे तिन्ही जमत नसेल तर सोडून द्या.

पुढचे सगळे हिशेब आमचुराचे, म्हणजे कैरीच्या वाळवलेल्या फोडींचे आहेत. यंत्राशिवाय सुरुवात होते, माल वर्षभर टिकतो, आणि पैसा कुठे गळतो ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. मिरचीसाठी किंवा भगरीसाठी हीच चौकट वापरता येईल, फक्त आकडे बदलतील. मोहफूल घेणार असाल तर एक पायरी वाढते: वनहक्क कायदा २००६ प्रमाणे गौण वनउपजावर हक्क गावाचा आहे, तेव्हा ग्रामसभेत बसून ठराव झाल्याशिवाय खरेदीला हात घालू नका.

सप्टेंबर ते होळी: विचारपूस

तीन पाडे निवडा आणि प्रत्येकात आठ-दहा घरं, म्हणजे पंचवीस-तीस कुटुंबं. छापील प्रश्नावली नेऊ नका. "तुम्हाला जास्त भाव मिळाला तर आवडेल का?" याला जगात कोणी नाही म्हणत नाही. गेल्या हंगामातला व्यवहार विचारा. किती किलो फोडी वाळवल्या, कोणाला दिल्या, काटा कोणाचा होता, कडता (वजनातली कपात) किती कापला, पैसे किती दिवसांनी मिळाले, उचल घेतली होती का आणि कशासाठी.

उचलीचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्याने पावसाळ्यात आजारपणाला पैसे दिले त्याच्याकडे माल जाणार, हे उघड आहे. तुम्ही किलोमागे वीस रुपये जास्त द्याल, पण श्रावणात रात्री दार ठोठावलं तर पैसे द्याल का? व्यापारी माल उचलतो, वाहतूक करतो, जोखीम घेतो आणि सावकारीही करतो. त्याची चारही कामं तुमच्याने होणार नाहीत. एखादंच काम नीट करायचं ठरवा. आमचुरात ते काम म्हणजे प्रतवारी. चांगला-वाईट सगळा माल एकाच भावात जातो, त्यामुळे स्वच्छ वाळवणारीच्या कष्टाला मोल मिळत नाही.

पाड्यावर पावरी किंवा भिली बोलली जाते, तुमची अहिराणीही तिथे पुरी पडत नाही. म्हणून गटात तिथली एक मुलगी किंवा मुलगा भागीदार म्हणून घ्या. फक्त दुभाषी म्हणून घेतलं तर उत्तरं तुम्हाला आवडतील अशी मिळतात. आणि कॅलेंडर ध्यानात ठेवा. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत उतरतात आणि होळीच्या सुमारास परततात. जानेवारीत बैठक ठेवली तर म्हातारी माणसं आणि पोरंच भेटतील.

हीच विचारपूस लघुशोधप्रबंधाचा विषय म्हणून मंजूर करून घ्या. एका कामात दोन कामं होतात, आणि मार्गदर्शकाची सही असली की मे महिन्यात गावात असण्याला कारणही राहतं.

पहिला हंगाम: दहा कुटुंबं, शंभर किलो

यापेक्षा मोठं काही करू नका. शंभर किलो सुक्या फोडींना कैरी किती लागते ते आधी कळू द्या. शंभर किलो गावरान कैरीची साल आणि कोय काढली की ढोबळमानाने निम्मा गर उरतो. त्यात ८५ टक्के पाणी धरलं तर वाळून हाती येतात आठेक किलो. म्हणजे शंभर किलोंसाठी साधारण साडेबाराशे किलो कैरी सोलावी लागणार. हा आकडा पाठ असला की "एवढ्याशा फोडींना एवढा भाव?" असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला उत्तर देता येतं.

माल खराब होतो तो ठरलेल्या चार जागी.

पहिली जागा चाकू. लोखंडी विळीने कापलेली फोड काळी पडते, कारण कैरीतल्या तुरट द्रव्याची लोखंडाशी क्रिया होते. प्रत्येक घराला स्टीलचे दोन चाकू आणि एक सोलणं द्या. एवढ्या कमी पैशात मालाची प्रत इतकी सुधारणारी दुसरी वस्तू नाही.

दुसरी जागा जाडी. फोड तीन ते पाच मिलिमीटरची हवी. जाड फोड बाहेरून वाळते, आत ओल राहते, आणि पोत्यात गेल्यावर पंधरा दिवसांनी बुरशी बोलू लागते.

तिसरी जागा जमीन. मातीवर किंवा खडकावर वाळवलेल्या मालात रेती येते आणि ती दळल्यावर दाताखाली लागते. बांबूचा मांडव करून त्यावर स्वच्छ जाळी ताणा. जागा किती लागेल? एका घराने दिवसाला ५० किलो कैरी कापली तर २५ किलो फोडी झाल्या. एका थरात चौरस मीटरला चार-पाच किलो पसरतात, म्हणजे पाच-सहा चौरस मीटर. वाळायला तीन दिवस धरले तर तिप्पट, पंधरा ते अठरा चौरस मीटर जाळी. घरातल्या सहा बाय तीन फुटांच्या बाजांच्या हिशेबाने दहा बाजा होतात. एवढ्या बाजा कुणाकडेच नसतात, म्हणून माल जमिनीवर जातो. बाईला आळशी म्हणणाऱ्यांनी हे गणित करून बघावं.

चौथी जागा घाई. उन्हातून उचललेल्या गरम फोडी थेट पिशवीत भरल्या की आत घाम सुटतो. फोड वाकवून पाहा: वाकली तर अजून ओली, कट्कन मोडली तर तयार. मग सावलीत तीन-चार तास गार होऊ द्या, आतून प्लास्टिकची पिशवी असलेल्या पोत्यात भरा आणि पोतं फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका. सातपुड्यातल्या पावसाळी हवेत उघडं पोतं आठवड्यात दमट होतं.

आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) कधीही वळवाचा पाऊस येतो. प्रत्येक मांडवावर गुंडाळून ठेवलेली ताडपत्री हवी, आणि ती दुपारी चारनंतर कोण ओढणार हे माणसाच्या नावानिशी ठरलेलं हवं. सौर वाळवणयंत्राचा मोह पहिल्या वर्षी टाळा. जाळी आणि ताडपत्रीवर माल किती सुधारतो हे कळल्याशिवाय यंत्राने त्यात किती भर पडेल ते सांगता येत नाही.

काटा, वही, रोख

३० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या आणि वैधमापन विभागाकडून त्याची पडताळणी करून घ्या, दरवर्षी. काट्याचा आकडा विकणाऱ्या बाईच्या बाजूला ठेवा. ही छोटी गोष्ट आहे, पण पाड्यावर तुमच्याबद्दल काय बोललं जाईल ते इथे ठरतं.

खरेदीच्या वहीत नऊ रकाने आखा: तारीख, नाव, पाडा, प्रत, वजन, दर, रक्कम, सही किंवा अंगठा, आणि शेवटचा रकाना त्या दिवशीचा बाजारातला व्यापाऱ्याचा दर. हा शेवटचा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत. वर्षअखेरीला "आमच्यामुळे कुटुंबाला काय मिळालं" याचं प्रामाणिक उत्तर त्याच रकान्यातून निघतं, कारण खरा फायदा म्हणजे तुमचा दर वजा तिला नाहीतरी मिळाला असता तो दर. "२०० लाभार्थी" या शब्दांतून कुणाला काहीच कळत नाही.

प्रती तीनच ठेवा: पांढरी, पिवळसर, काळी. काळा माल परत पाठवू नका, कमी दराने घ्या किंवा व्यापाऱ्याला विकायला मदत करा. नाकारलेलं पोतं डोक्यावर घेऊन घाट चढणारी बाई पुढच्या वेळी चांगला मालही आणत नाही.

पैसे त्याच दिवशी, आठवडे बाजाराच्या आधी द्या.

पुडी की पोतं

खालचे दर समजण्यापुरते धरले आहेत, आपल्या हंगामाचे आकडे घालून हिशेब पुन्हा करा. समजा, फोडी सरासरी २२० रुपयांनी घेतल्या. शंभर किलोंचे २२,००० रुपये झाले. घाट उतरून शहाद्यापर्यंत वाहतूक १,५००. निवडायला दोन बायका तीन दिवस, रोज ४०० प्रमाणे २,४००. निवडण्यात आणि सुकण्यात आठ किलो घट. ९२ किलो सुटा माल २५,९०० रुपयांना पडला, म्हणजे किलोला २८२ रुपयांखाली विकलं तर पदरचे गेले.

आता पुडी करू. दळण ९२ किलोंना १५ रुपयांप्रमाणे १,३८०. दळणात-चाळण्यात तीन किलो गेले, उरले ८९ किलो, म्हणजे शंभर ग्रॅमच्या ८९० पुड्या. पाऊच आणि लेबल पाच रुपयांप्रमाणे ४,४५०. प्रयोगशाळेची तपासणी ३,०००. एकूण खर्च ३४,७३० रुपये, पुडीला ३९ रुपये. छापील किंमत ७० ठेवली, दुकानदाराला ५० ला दिली, पोहोचवायला तीन रुपये गेले, हाती ४७. सगळ्या पुड्या खपल्या तर शिल्लक ७,१००. दहा टक्के पुड्या परत आल्या की हीच शिल्लक २,६५० वर येते. आणि यात तुमच्या गटाच्या श्रमाचा, बसभाड्याचा एक रुपयाही धरलेला नाही.

म्हणून पहिल्या वर्षी पोत्यातच विका: फरसाणवाले, मसाला कारखाने, आचारी, वसतिगृहांच्या खानावळी. त्यांना सुंदर पाऊच नको असतो, एकसारखी प्रत आणि रेती नसल्याची खात्री हवी असते. एप्रिलमध्येच गेल्या वर्षीच्या चांगल्या मालाचा पाव किलो नमुना घेऊन पंधरा ठिकाणी जा. "बघू" म्हणणारे मोजू नका, आगाऊ रक्कम देणारे मोजा. असे तीन मिळाले तरी शंभर किलो खपतात.

खान्देशातल्या गटांना हमखास नडणारी गोष्ट म्हणजे राज्याची सीमा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात करपात्र माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सुरत, इंदूर, बऱ्हाणपूर आपल्याला नाशिक-पुण्याइतकीच किंवा त्याहून जवळची. तिकडे करपात्र माल पाठवला की परराज्यातली विक्री झाली, आणि तिला नोंदणी पहिल्या पोत्यापासून लागते.

जून ते डिसेंबर: नोंदणी

पहिला हंगाम गावातल्या महिला बचत गटाच्या नावाने काढा. गटाला बँक खातं असतंच. अन्नपदार्थ आहे, तेव्हा एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी गटाच्या नावाने ऑनलाइन काढा. चौदा आकडी क्रमांक मिळतो. पुडी करायची झाली तर त्यावर हा क्रमांक, शाकाहारी खूण, घटक, बॅच, वेष्टनाचा महिना-वर्ष, किती दिवसांत वापरावं ते, निव्वळ वजन, करांसह किंमत, नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन हे सगळं लागतं. लेबल छापायला देण्याआधी ते एखाद्या जाणकाराला दाखवा. दोन हजार चुकीच्या लेबलांची रद्दी कोणी घेत नाही.

हंगामाचा हिशेब जमला की कायदेशीर रूप निवडा. खरेदी-विक्री करणाऱ्यांनी ट्रस्ट काढू नये, असं आमचं ठाम मत आहे. कंपनी कायद्याच्या कलम ८ ची (ना-नफा) कंपनी काढली तर नफा भागधारकांना वाटता येत नाही, पण देणगी घेणं सोपं जातं आणि काम करणाऱ्याला वाजवी पगार देता येतो. प्रायव्हेट लिमिटेडला दोन संचालक आणि दोन भागधारक पुरतात, गुंतवणूक घेता येते, पण "सामाजिक" हा भाग तुमच्या शब्दावर उरतो. शेतकरी उत्पादक कंपनीला किमान दहा उत्पादक आणि पाच संचालक लागतात, आणि सभासद फक्त उत्पादकच होऊ शकतात. म्हणजे तुम्ही मालक नसता. पण या कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावाच लागतो, आणि ती खुर्ची तुमच्यातल्या एकाची असू शकते. पाड्यावरच्या कामाला हे रूप सगळ्यात शोभतं. स्पर्धांमधल्या परीक्षकांना मात्र ते फारसं आवडत नाही.

कंपनी काढलीत तर तारखा भिंतीवर लिहा. पहिला लेखापरीक्षक ३० दिवसांत नेमायचा. भागभांडवल असेल तर व्यवसाय सुरू केल्याचं घोषणापत्र १८० दिवसांत द्यायचं, चुकलं तर कंपनीला ५०,००० रुपये दंड. ताळेबंद आणि वार्षिक विवरण उशिरा भरलं तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, विक्री शून्य असली तरी. पदवीनंतर गट पांगतो आणि दोन वर्षांनी कुणाला तरी नोकरीच्या वेळी आठवतं की आपण संचालक आहोत.

त्याआधी आपसातला करार. कुणी एमपीएससीला बसणार, कुणाला पुण्यात नोकरी लागणार, कुणाचं लग्न ठरणार. हे होणारच, यात रुसण्यासारखं काही नाही. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर लिहून ठेवा: हिस्सा चार वर्षांत मिळवायचा, पहिलं वर्ष पुरं न करता गेला तर काही नाही, पुढे दर महिन्याला हिश्शाचा अठ्ठेचाळिसावा भाग त्याचा. बँक खात्यावर दोघांच्या सह्या. कंपनीचं ईमेल, डोमेन, फोन नंबर कुणा एकाच्या नावावर नको.

पैसा

खरी अडचण यंत्राची नसते, खेळत्या भांडवलाची असते. दुसऱ्या हंगामात ५०० किलो घ्यायचे तर तीन आठवड्यांत १,१०,००० रुपये रोख लागतात, आणि ते परत येतात पुढच्या चार-पाच महिन्यांत हप्त्याहप्त्याने. स्पर्धेचं बक्षीस मिळालं तर ते इथे लावा, यंत्रात नको. बाकी भाग मोठ्या गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेतून आणि बचत गटाच्या बँक कर्जातून उभा राहू शकतो. शिष्यवृत्तीला आणि घरच्या शेताला हात लावू नका.

सरकारी योजनांसाठी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जा, दलालाकडून अर्ज करू नका, आणि यंदा अर्ज घेतायत का ते आधी विचारा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं उदाहरण घ्या: ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग यांना ३५ टक्के, स्वतःचा वाटा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. दोन गोष्टी माहितीपत्रकात ठळक दिसत नाहीत. हे अनुदान हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. आणि ते नव्या उद्योगालाच आहे, आधीच सुरू असलेल्याला नाही. म्हणून पहिला प्रयोग बचत गटाच्या नावाने करण्याचा सल्ला आणखी पटेल.

सीएसआरच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या मागे पहिल्या दोन वर्षांत धावू नका. त्यासाठी आयकर खात्याच्या १२ए आणि ८०जी या नोंदण्या आणि कंपनी खात्याकडची सीएसआर-१ ही नोंदणी लागते, आणि बाहेरच्या संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा दाखला दाखवावा लागतो.

दुसरा हंगाम

आता चाळीस कुटुंबं आणि ५०० किलो. तुम्ही आल्याचं कळलं की व्यापारी दर वाढवेल आणि निम्मा माल त्याच्याकडे जाईल. चिडू नका. कुटुंबांना जास्त पैसे मिळाले, म्हणजे अर्धं काम झालंच. पण तुमच्या गिऱ्हाइकाला कबूल केलेला माल कुठून द्यायचा हे आधीच ठरवा: करार ५०० चा नको, ३०० चाच करा.

परीक्षेच्या तीन आठवड्यांत काटा आणि वही कोणाकडे? याचं उत्तर मार्चमध्येच हवं. पाड्यावरच्या बारावी झालेल्या दोन मुलींना होळीनंतर आठ दिवस प्रत ओळखणं, काटा शून्यावर आणणं आणि वही लिहिणं शिकवा. शिकवताना खोटी खरेदी करून पाहा, मुद्दाम ओल्या फोडी आणा, वजनावरून भांडा. दिवसाला ५०० रुपये मानधन द्या आणि ते हिशेबात धरा. तुम्ही नसताना झालेल्या खरेदीत चुका किती निघाल्या, यावरून तिसरं वर्ष आहे की नाही ते कळेल.

जूनअखेर बसून ठरवा. पगार धरूनही खर्च निघत असेल आणि एक तरी जण पूर्णवेळ थांबायला तयार असेल तर पुढे जा. नसेल तर नीट बंद करा. आधी कुटुंबांची बाकी, मग मजुरी, मग गिऱ्हाइकाची आगाऊ रक्कम, तुमचं भांडवल शेवटी. उरलेला माल दमट होण्याआधी मिळेल त्या भावाला काढा. काटा, चाकू, जाळ्या बचत गटाला लेखी द्या. कंपनी असेल तर नाव कमी करण्याचा अर्ज करा. त्याचं सरकारी शुल्क १०,००० रुपये आहे, आणि ते पहिल्याच दिवसापासून बाजूला काढून ठेवलेलं बरं. आणि पाड्यावर बैठक घेऊन सांगा की पुढच्या वर्षी आम्ही येणार नाही. हे होळीच्या आधी सांगा, म्हणजे कैरी उतरायच्या आत त्यांना जुन्या व्यापाऱ्याशी पुन्हा बोलणी करता येतील.